हेल्मेट शाबूत, तरी डोकं का दुखतं? पुण्यातली एक मॅच, कन्कशन आणि तुमचा मोबाइल

३१ जानेवारी २०२५. पुण्याजवळचं गहुंजे स्टेडियम, भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी मालिकेतला चौथा सामना. भारताच्या डावाची शेवटची ओव्हर, त्यातला पाचवा बॉल. जेमी ओव्हरटनचा बाउन्सर मुंबईच्या शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. खेळ थांबला, त्याची तपासणी झाली, ठीक आहे असं ठरलं. पुढच्या, म्हणजे डावाच्या शेवटच्या बॉलवर तो रनआउट झाला. ३४ बॉलमध्ये ५३ धावा. ड्रेसिंग रूममध्ये गेल्यावर मात्र त्याचं डोकं दुखू लागलं. भारताने बदली खेळाडू मागितला, मॅच रेफरी जवागल श्रीनाथ यांनी परवानगी दिली आणि इंग्लंडची बॅटिंग चालू असताना हर्षित राणा मैदानात उतरला. त्याने ३३ धावांत ३ विकेट काढल्या. भारत १५ धावांनी जिंकला.

पुढचं तुम्हाला आठवत असेलच. बॅटिंग करणारा, अधूनमधून मध्यमगती टाकणारा ऑलराउंडर बाहेर आणि त्याच्या जागी पूर्णवेळ फास्ट बॉलर आत, हे 'लाइक फॉर लाइक' कसं? इंग्लंडचा कॅप्टन जोस बटलर याने नाराजी उघड बोलून दाखवली. दोन दिवस मीम चालले. २०२० मध्ये कॅनबेराला असंच झालं होतं. मिचेल स्टार्कचा बॉल रवींद्र जडेजाच्या हेल्मेटला लागला, त्याच्या जागी युझवेंद्र चहल आला, २५ धावांत ३ विकेट घेऊन सामनावीर झाला आणि ऑस्ट्रेलियाचे कोच जस्टिन लँगर मॅच रेफरीशी हुज्जत घालताना दिसले.

वाद चुकीचा नव्हता. राणा काही दुबेसारखा खेळाडू नाही, हे कोणीही सांगेल. पण दोन्ही वेळा सगळी चर्चा आत कोण आला यावरच झाली. बाहेर गेलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल, हे फार थोड्यांनी विचारलं.

पास झालेली टेस्ट

मैदानावरच्या तपासणीत दुबे पास झाला होता. डोकेदुखी नंतर आली. टीमचे बॉलिंग कोच मोर्ने मॉर्केल यांनी सामन्यानंतर तेच सांगितलं, की आत आल्यावर त्याला हलकी डोकेदुखी जाणवत होती. फॅन लोकांना ही डोकेदुखी 'सोयीची' वाटली. डॉक्टरला मात्र त्यात काही नवल वाटणार नाही, कारण कन्कशन असंच वागतं. मार एका क्षणात लागतो. लक्षणं कधी लगेच दिसतात, कधी अर्ध्या तासाने, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर.

आता विचार करा. जिथे फिजिओ आहे, डॉक्टर आहे, प्रत्येक बाजूने कॅमेरे आहेत, तिथेही पहिल्या तपासणीत हाती काही लागलं नाही. मग आपल्या मैदानावर काय होत असेल?

आपलं मैदान म्हणजे आर्णी, दिग्रस, पुसद, वणी, कुठलंही घ्या. दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या टूर्नामेंट सुरू होतात. लाइट लावून रात्रीच्या मॅचेस, मोबाइल स्टँडवर लावून यूट्यूबवर लाइव्ह, क्रिकहिरोजवर बॉल-टू-बॉल स्कोअर. टेक्नॉलॉजी पुरेपूर पोचली आहे. पण दोन फील्डर एकाच कॅचमागे धावले, डोक्यावर डोकं आपटलं, एक जण खाली पडला, की पुढचा सीन ठरलेला. चारपाच जण गोळा होतात. कोणीतरी बाटलीभर पाणी डोक्यावर ओततो. "काही नाई झालं बे, उठ." तोही उठतो, हसतो, हात झटकतो आणि पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहतो. टाळ्या पडतात.

टेनिस बॉलने काय होणार, असं वाटत असेल तर थोडं गणित करू. लेदरचा बॉल साधारण १६० ग्रॅमचा. ताशी १४० किलोमीटर वेगाने आला तर त्यात जवळपास १२० ज्यूल ऊर्जा असते. साठ-साठ किलोची दोन पोरं प्रत्येकी ताशी १८ किलोमीटर वेगाने समोरासमोर धावत आली, तर दोघांची मिळून ऊर्जा होते १५०० ज्यूल. बारापट. ती सगळी काही डोक्यात जात नाही, पण धोका फक्त बाउन्सरमध्ये नसतो एवढं यातून कळतं. कबड्डीत रेडरचा गुडघा अँकल होल्ड करणाऱ्याच्या कानशिलावर बसतो. फुटबॉलमध्ये हेडरला उडी मारताना दोन डोकी भिडतात. आणि मागे तोल जाऊन पडणं तर सगळीकडेच. उन्हाळ्यात आपल्याकडची काळी माती कशी दगडासारखी होते, हे यवतमाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

डब्यातलं दही

मराठीत याला नेमका शब्द रुळलेला नाही, हीसुद्धा एक अडचणच. 'डोक्याला मार लागला' यात टेंगळापासून मेंदूतल्या रक्तस्रावापर्यंत सगळं येतं. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला असा हादरा, ज्यात हाड मोडलेलं नसतं, बहुतेक वेळा रक्तही आलेलं नसतं, पण मेंदूचं काम काही काळ बिघडतं. बेशुद्ध झालं तरच कन्कशन, हा सगळ्यात मोठा गैरसमज. बहुतेक कन्कशनमध्ये माणूस क्षणभरही बेशुद्ध होत नाही.

फोनचं उदाहरण घ्या. टेम्पर्ड ग्लास लावलेला फोन हातातून पडला. ग्लासला तडा नाही, बॉडीला ओरखडा नाही. पण आतली डिस्प्लेची पट्टी जराशी सैल झाली आणि स्क्रीन मधूनमधून फडफडायला लागली. दुकानात नेला की नेमका तिथे नीट चालतो. हेल्मेट म्हणजे ती टेम्पर्ड ग्लास. कवटी फुटू नये, हे तिचं काम, आणि ते ती उत्तम करते. म्हणून लेदर बॉलने हेल्मेट न घालता खेळायचंच नाही. पण आतला मेंदू हलायचा थांबवणं तिच्या हातात नाही.

मेंदूचं वजन सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान, आणि तो कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला धक्का बसला की कवटी थांबते, मेंदू थोडा पुढे जातो. सरळ धक्क्यापेक्षा वाईट असतो पिळा, म्हणजे डोकं गर्रकन वळणं. डब्यात घट्ट विरजलेलं दही घ्या. डबा सरळ उचलला तर फारसं काही होत नाही. तोच डबा मनगटाने झटकन फिरवला तर कडेचं दही डब्याबरोबर जातं, मधलं मागे राहतं आणि दह्याला भेगा पडतात. मेंदूत भेगा पडत नाहीत, पण पेशींना एकमेकांशी जोडणारे केसाहून बारीक धागे ताणले जातात. हनुवटीवर बसलेला ठोसा बॉक्सरला खाली पाडतो तो यामुळेच. तिथे ठोसा बसला की डोकं सगळ्यात जोरात वळतं.

ताणलेल्या धाग्यांच्या भिंतीतून क्षार भलतीकडे जातात. पोटॅशियम बाहेर, कॅल्शियम आत. हे पुन्हा जागेवर आणायला पेशींमधले पंप जीव तोडून चालू लागतात आणि त्यासाठी त्यांना भरपूर ग्लुकोज लागतं. नेमकं त्याच वेळी मेंदूकडे येणारं रक्त कमी झालेलं असतं. म्हणजे बॅटरी १० टक्क्यांवर, चार्जर नाही आणि सगळी अॅप एकदम उघडलेली. फोन बंद पडत नाही, पण हँग होतो. डोकं जड होणं, उजेड आणि आवाज सहन न होणं, बोलताना शब्द न सापडणं, विनाकारण चिडचिड, वाचलेलं डोक्यात न शिरणं, ही सगळी त्या टंचाईची लक्षणं. ही टंचाई तासाभरात भरून निघत नाही. अनेक दिवस लागतात, काहींना आठवडे.

सीटी स्कॅन हाड आणि रक्तस्राव दाखवतो. ताणलेले धागे आणि कमी पडलेली ऊर्जा त्यात दिसत नाही. म्हणून 'स्कॅन नॉर्मल आला, आता खेळ' हे वाक्य अर्धंच खरं असतं. स्कॅन नॉर्मल म्हणजे जीवाचा तातडीचा धोका टळला. कन्कशन झालंच नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही.

आणि याच दिवसांत पुन्हा मार लागला तर? रिअॅक्शन मंद झालेली असते, त्यामुळे मार लागण्याची शक्यताच आधी वाढलेली असते. दुसऱ्या धक्क्याने बरं व्हायला लागणारा काळ लांबतो. फार क्वचित, आणि बहुतेक वेळा कोवळ्या वयातल्या खेळाडूंमध्ये, दुसऱ्या धक्क्यानंतर मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यूही झाला आहे.

दिसणारी जखम, न दिसणारी जखम

१९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा बॉल भारताचे कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. सगळे धावले. वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल याने रक्त दिलं, आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण भारताकडून पुन्हा खेळले नाहीत. जखम दिसत होती, म्हणून कोणी 'उठ, काही नाही झालं' म्हटलं नाही.

१९८१ च्या जानेवारीत सिडनीला संदीप पाटील हेल्मेटशिवाय खेळत होते. लेन पास्कोचा बॉल कानाच्या वर लागला, ते कोसळले आणि ६५ धावांवर त्यांना बाहेर न्यावं लागलं. तरी त्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ते बॅटिंगला आले. पुढच्या कसोटीत, अॅडलेडला, हेल्मेट घालून १७४ धावा ठोकल्या. ही गोष्ट आपल्याकडे अजून अभिमानाने सांगितली जाते आणि ती इनिंग खरोखर तेवढी मोठी होतीच. पण आजचे नियम लावले तर अॅडलेडला खेळायला पाटील मोकळे असते. सिडनीच्या दुसऱ्या डावात त्यांना कोणी पॅडसुद्धा बांधू दिलं नसतं. आपण मात्र दोन्ही गोष्टी एकाच मापाने 'जिगर' म्हणून मोजतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फेब्रुवारी १९९८, ढाका. भारताकडून कसोटी खेळलेला रमण लांबा एका क्लब सामन्यात शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा होता. बॅट्समनने मारलेला बॉल त्याच्या डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. त्यानंतर तब्येत बिघडत गेली आणि तीन दिवसांनी तो गेला. आत रक्तस्राव होत होता. मधला जो काळ असतो ना, माणूस चालतो, बोलतो, 'मी ठीक आहे' म्हणतो, तोच फसवा असतो. आत रक्त साठायला वेळ लागतो.

म्हणून काही खुणा पाठ करून ठेवा. डोकेदुखी वाढत जाणं, उलटी, एकाचे दोन दिसणं, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, फिट, मानेत दुखणं, गुंगी वाढणं, एरवी शांत असलेला पोरगा अचानक अंगावर येणं. यातलं एक जरी दिसलं तर थेट १०८ ला फोन. मान दुखत असेल किंवा तो बेशुद्ध असेल तर त्याला उचलून बसवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. नाकाला कांदा किंवा चप्पल लावणं हे तर सोडाच. यवतमाळ जिल्हा लांबलचक आहे. उमरखेड असो की वणी, यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय मेडिकल कॉलेज शंभरेक किलोमीटर पडतं. उमरखेडहून नांदेड जवळ, वणीहून चंद्रपूर जवळ. टूर्नामेंट भरवणाऱ्यांनी आपल्या गावाहून सीटी स्कॅनची सोय असलेलं सगळ्यात जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे पहिल्या मॅचच्या आधी विचारून ठेवावं. मार लागल्यावर गूगल मॅप उघडत बसायची ती वेळ नसते.

मशीन काय सांगतं, काय नाही

आता आपल्या आवडीचा विषय. इतकं सगळं मोजता येतं, मग हे का नाही?

मोजायचे प्रयत्न जोरात चालू आहेत. वर्ल्ड रग्बीने २०२४ पासून वरच्या पातळीच्या सामन्यांत सेन्सर असलेले माउथगार्ड आणले. दात कवटीला घट्ट बसलेले असतात, त्यामुळे दातांवरचा सेन्सर डोक्याची हालचाल बऱ्यापैकी खरी सांगतो. धक्का ठरावीक मर्यादेच्या वर गेला की मैदानाबाहेरच्या डॉक्टरला ब्लूटूथवरून अलर्ट जातो आणि खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढलं जातं. हेल्मेटला चिकटवलेला सेन्सर इतका भरवशाचा नसतो, कारण हेल्मेट डोक्यावर थोडं सरकतं. मनगटावरच्या घड्याळाचा तर इथे संबंधच नाही. फोन आणि घड्याळांत आता कारचा अपघात ओळखायची सोय असते, पण ती गाडीचा धक्का ओळखते, तुमच्या मेंदूचा नाही. माउथगार्डलाही शेवटचा शब्द बोलता येत नाही. तेवढ्याच धक्क्याने एकाला कन्कशन होतं, दुसऱ्याला होत नाही. इतक्या 'जी'च्या वर कन्कशन, असा आकडा अस्तित्वात नाही.

रक्ताची टेस्ट आहे. मेंदूच्या पेशींना इजा झाली की दोन विशिष्ट प्रथिनं रक्तात उतरतात आणि ती मोजणाऱ्या टेस्टला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. पण ती टेस्ट एवढंच सांगते की या पेशंटला सीटी स्कॅनची गरज आहे का. कन्कशन आहे की नाही, हा प्रश्न तिच्याकडे नाहीच.

मग अॅप? प्ले स्टोअरवर 'कन्कशन टेस्ट' शोधलं तर रिअॅक्शन टाइम, लक्षात ठेवायचे शब्द, असं बरंच सापडेल. यातल्या चांगल्या टेस्टसुद्धा तुलनेवर चालतात. सीझनच्या आधी, डोकं ताजं असताना तुमचा स्कोअर काय होता? तो नसेल तर नंतरच्या स्कोअरला काही अर्थ नाही. शिवाय काही खेळाडू आधीची टेस्ट मुद्दाम वाईट देतात, म्हणजे मार लागल्यावर फरक दिसायला नको. परदेशात हे सर्रास चर्चेत असतं. आपल्याकडे अजून तेवढी हुशारी करायची वेळच आलेली नाही, कारण आधीची टेस्ट घेतो कोण?

डॉक्टर मंडळी स्कॅट ६ नावाची तपासणी वापरतात. ती नीट करायला किमान १० ते १५ मिनिटं लागतात आणि ती डॉक्टर किंवा फिजिओनेच करायची असते. तुमच्या-माझ्यासाठी तिचं छोटं भावंड आहे, कन्कशन रेकग्निशन टूल ६. २०२२ मध्ये अॅमस्टरडॅमला या विषयातले तज्ज्ञ जमले होते, त्यातून ते २०२३ मध्ये आलं. फुकट डाउनलोड होतं, इंग्रजीत आहे, एकदा फोनमध्ये घेतलं की नेट नसतानाही उघडतं. त्यात साधे प्रश्न आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर: आज आपण कुठल्या मैदानावर आहोत? आत्ता पहिला हाफ की दुसरा? शेवटचा पॉइंट कोणी घेतला, शेवटची विकेट कोणाची पडली? मागची मॅच कोणाशी होती? ती आपण जिंकलो का?

नाव, गाव, आज कोणता वार, असे प्रश्न मुद्दाम नाहीत. ते हादरलेल्या डोक्यालाही आठवतात. ताजी गोष्ट निसटते. २०१४ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरला डोक्याला मार लागला आणि तो पुढे १४ मिनिटं खेळत राहिला. मग त्याने रेफ्रीलाच विचारलं, ही फायनल आहे का? तोपर्यंत धावणं, पास देणं, सगळं चालू होतं. शरीराला सवय असते.

एक उत्तर चुकलं तर बाहेर. पण सगळी बरोबर आली म्हणजे परत आत, असा अर्थ काढू नका. दुबेची मैदानावरची तपासणीही व्यवस्थितच झाली होती.

आता तुमच्या फोनमधलं सगळ्यात कामाचं यंत्र. कॅमेरा. मॅच लाइव्ह जात असेल तर मार लागला तो क्षण रेकॉर्ड झालेला असतो. मोठ्या रग्बी सामन्यात यासाठी वेगळा माणूस स्क्रीनसमोर बसवलेला असतो. तुम्ही तेच दोन मिनिटांत करू शकता. मागे जा आणि बघा: पडल्यावर तो किती वेळ हलला नाही? पडताना हात पुढे टेकवले, की ओंडक्यासारखा आडवा झाला? पडल्यापडल्या हात हवेत ताठ राहिले? उठल्यावर पाय लटपटले? खेळाडू खोटं बोलू शकतो, आणि बोलतोच. व्हिडिओ बोलत नाही. तीच क्लिप डॉक्टरला दाखवा, तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा ती जास्त सांगते. तीच क्लिप रीलला टाकू नका, एवढं मात्र पाळा.

खेळाडू खोटं का बोलतो, हे आपल्याला माहीत आहे. दहावी-बारावीला मिळणारे क्रीडा गुण, पोलीस भरतीतला खेळाडूंचा कोटा, गावची फायनल, बघायला आलेला मामा. दहा वर्षं सराव करून एक संधी आली आणि डोकं जरासं दुखतंय म्हणून सोडायची? हे त्याच्यावर सोडलं तर तो कधीच बाहेर जाणार नाही. म्हणून निर्णय त्याचा नकोच. कबड्डीत पाच राखीव खेळाडू बाकावर बसलेले असतात, तिथे तर सबबच नाही. टेनिस बॉल क्रिकेटची अडचण खरी आहे. बदली खेळाडू फील्डिंग करतो, बॅटिंग-बॉलिंग नाही, मग टीम एका गड्याने कमी पडते. आयसीसीने २०१९ च्या ऑगस्टपासून बदली खेळाडूला सगळं करायची मुभा दिली ती याचसाठी, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन असा पहिला खेळाडू म्हणून उतरला. गावच्या टूर्नामेंटच्या नियमांच्या कागदावर ही एक ओळ घालायला खर्च शून्य. गैरवापर होईल? होईल. गहुंजेला तेच झालं असं बटलरचं म्हणणं होतंच. तरीही एखादी टीम एक बॉलर जास्त वापरून जाईल, हे नुकसान मला परवडणारं वाटतं.

सात दिवस की एकवीस?

पुण्याच्या वादानंतर काही महिन्यांनी, २०२५ च्या मध्यावर, आयसीसीने नियम कडक केले. प्रत्येक टीमने सामन्याआधीच पाच संभाव्य बदली खेळाडूंची नावं द्यायची: एक बॅट्समन, एक विकेटकीपर, एक फास्ट बॉलर, एक स्पिनर, एक ऑलराउंडर. म्हणजे दुबेच्या जागी कोण, हा वाद आधीच मिटलेला. त्यापेक्षा महत्त्वाचा दुसरा बदल: कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस सक्तीची विश्रांती. बातम्यांत पहिल्या बदलाला मोठं हेडिंग मिळालं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्हस्कीने निवृत्ती घेतली. वय २७. भारताविरुद्ध २०२१ मध्ये सिडनीला पदार्पणात ६२ धावा केल्या होत्या, ती त्याची एकमेव कसोटी ठरली. १३ कन्कशन झाली होती. थकवा आणि डोकेदुखी जात नव्हती. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा हिशेब फार उशिरा येतो, हे बॉक्सिंगवाल्यांना शंभर वर्षांपासून माहीत आहे. स्कॉटलंडमधल्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या २०१९ च्या अभ्यासात तर मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण सामान्य लोकांच्या साडेतीनपट निघालं. घाबरून खेळ सोडण्याचं हे कारण नाही. त्याच अभ्यासात या खेळाडूंचे हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. एका कन्कशननंतर नीट विश्रांती घेतलेले बहुतेक जण काही आठवड्यांत पूर्ण बरे होतात.

विश्रांती म्हणजे अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहणं, हा सल्ला आता जुना झाला. पहिले एक-दोन दिवस आराम, घरातल्या घरात चालणं चालेल. पहिले काही तास एकट्याला सोडायचं नाही, बाइक चालवू द्यायची नाही, दारू अजिबात नाही. पेनकिलर देऊन पुन्हा मैदानात ढकलणं तर गुन्हाच म्हणायला हवा. 'झोपू देऊ नका' ही आजीची सूचनाही थोडी बदला. आधी डॉक्टरला दाखवा, धोक्याच्या खुणा नसतील तर झोप चांगलीच. घरच्यांनी लक्ष ठेवावं एवढंच.

आणि हो, फोन. हा सल्ला तुम्हाला आवडणार नाही. अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या १२५ कन्कशन पेशंटचे दोन गट केले. एका गटाला पहिले ४८ तास स्क्रीन बंद, दुसऱ्याला मोकळीक. २०२१ मध्ये निकाल छापून आला. स्क्रीन टाळणाऱ्या गटाला बरं व्हायला लागलेल्या काळाचा मध्यक साडेतीन दिवस होता, दुसऱ्या गटाला आठ. दोन दिवसांचा उपास, साडेचार दिवसांची बचत. अभ्यास छोटा आहे, पण खर्च काहीच नाही. 'तब्येत कशी आहे' विचारणारे पन्नास मेसेज त्या दिवसांत दुसऱ्या कोणाला तरी वाचू द्या.

पुढचा क्रम असा: आधी शाळा-कॉलेज, मग मैदान. वर्गात तासभर बसून डोकं दुखत असेल तर नेटमध्ये जायचा प्रश्नच नाही. त्यानंतर हलकं जॉगिंग, मग एकट्याने सराव, मग टीमबरोबर पण धक्काबुक्कीशिवाय, मग डॉक्टरच्या परवानगीने पूर्ण सराव, शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षणं वाढली तर एक पायरी मागे.

आयसीसीचे सात दिवस आपल्याला लागू करू नका, कारण त्या सात दिवसांत त्या खेळाडूला रोज बघणारा डॉक्टर असतो. ब्रिटनने २०२३ मध्ये गावपातळीच्या, शाळा-क्लबच्या खेळांसाठी वेगळी सूचना काढली, जिथे डॉक्टर नसतो असं गृहीत धरलं आहे. तिथे कन्कशननंतर मॅच २१ व्या दिवसाच्या आधी नाही. आपलं मैदान या दुसऱ्या प्रकारातलं. म्हणजे लीग मॅचमध्ये रविवारी डोक्याला लागलं तर पुढच्या रविवारची सेमीफायनल गेली, त्यानंतरची फायनलही गेली. ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी फोनमध्ये २१ दिवसांनंतरचा रिमाइंडर लावा. त्याच्या फोनमध्ये नको, तो पुसून टाकेल. कॅप्टनच्या फोनमध्ये लावा.